शब्दांची संगत : खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रस्तावना

परदेशी शिकायला निघालेल्या धुळ्या-जळगावच्या मुलामुलींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सर, बाकी सगळ्यांत सात आलेत, रायटिंग सहावर अडकलंय." आयईएलटीएस परीक्षेचे भाग चार : ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला शून्य ते नऊ असे बँड. ऐकण्या-वाचण्याच्या प्रत्येकी चाळीस प्रश्नांत उत्तर एक तर बरोबर असतं किंवा चूक. लिहिणं आणि बोलणं मात्र परीक्षक तपासतो, आणि या दोन्हींत गुणांचा सरळ चौथा हिस्सा शब्दसंपत्तीला असतो. मुलांना हे ठाऊक असतं. म्हणून निकाल हाती आला की पहिली धाव असते 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब'च्या यादीकडे. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. घरच्यांनी ती कशीबशी उभी केलेली असते आणि आता पुन्हा भरायची असते. तेव्हा ही घाई समजण्यासारखी आहे.

पण यादी पाठ करून सहाचे सात होत नाहीत, हे मी अनेक वर्षं धुळ्यात आणि जळगावात पाहत आलो आहे. आपल्या मुलांची हुशारी कमी पडत नाही, मेहनतही नाही. शब्द कमवण्याची एक रीत त्यांना लहानपणापासून अवगत असते. इंग्रजीच्या बाबतीत ती रीत बाजूला ठेवून मुलं पाठांतराकडे वळतात, एवढंच होतं. ती रीत पुन्हा हाताशी यावी म्हणून हे पुस्तक केलं आहे.

आधी एका वहीतलं वाक्य पाहू. पाणीटंचाईवर निबंध होता. साक्री तालुक्यातल्या एका मुलानं पहिल्याच ओळीत लिहिलं : 'अ प्लेथोरा ऑफ पीपल आर फेसिंग वॉटर प्रॉब्लेम.' 'प्लेथोरा' हा शब्द आज प्रत्येक यादीत सापडतो आणि यादीत त्याचा अर्थ 'पुष्कळ' असा दिलेला असतो. खरा अर्थ आहे गरजेपेक्षा जास्त, अतिरेक. म्हणजे वाक्याचा सूर असा झाला की माणसंच फार झाली आहेत. या मुलाला गावची टंचाई पुरेपूर माहीत होती. मार्च लागला की विहीर तळाला जाते, एप्रिलमध्ये टँकर सुरू होतो, हे सगळं त्यानं मला तोंडी सांगितलं. तेच लिहायचं ठरवलं तेव्हा वाक्य झालं : 'एव्हरी समर मेनी व्हिलेजेस इन माय डिस्ट्रिक्ट फेस ॲन अक्यूट शॉर्टेज ऑफ वॉटर.' यात अवघड म्हणावा असा शब्द 'अक्यूट' हा एकच, आणि तो 'शॉर्टेज'च्या शेजारी बसला आहे, म्हणजे जिथं बसायला हवा तिथंच.

परीक्षकांच्या हातातल्या निकषांत सहा आणि सातमधला फरक नेमका हाच सांगितला आहे. सहाचा विद्यार्थी कमी वापरातले शब्द आणायला जातो, पण ते पुरते बसत नाहीत. सातच्या विद्यार्थ्याला शब्दांच्या जोड्या आणि लेखनाचा बाज यांची जाण असते. शब्द नुसता दुर्मीळ असून भागत नाही. तो नेमका असावा आणि योग्य शब्दाच्या शेजारी असावा, ही मागणी आहे. प्रगत शब्दसंपत्ती या पुस्तकात मी याच अर्थानं घेतली आहे.

इंग्रजी शिकवण्याच्या शास्त्राचा मोठा भाग हिंदुस्थानातल्या वर्गांशी जोडलेला आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मायकेल वेस्ट हे गृहस्थ ढाक्यात शिक्षक घडवण्याचं काम करत होते. बंगाली मुलांना पुस्तकं वाचता येत नाहीत कारण पुस्तकात एकदाच भेटणारे अवघड शब्द फार असतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मोजक्या, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या शब्दांत वाचनमाला लिहिल्या. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी छापून आली. दुसरे जे. आर. फर्थ. १९१९ पासून १९२८ पर्यंत ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. नंतर लंडनमध्ये त्यांनी भाषाशास्त्रात एक कल्पना रुजवली : शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. या सोबतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, तसाच शेजारच्या शब्दाचा गुण शब्दाला लागतो. मराठीत पाऊस मुसळधार असतो आणि थंडी कडाक्याची. थंडी मुसळधार आहे असं पहिलीतलं पोरही म्हणणार नाही. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' आणि चहा 'स्ट्राँग'. भुसावळचं मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन लिहायचं तर 'स्कॉर्चिंग हीट'. यामागे नियम नाही. सवय आहे.

मग किती शब्द लागतात? न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा की, इंग्रजी मजकूर कोश न उघडता वाचायचा, शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत असं म्हणायचं, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याचा गोतावळा : 'प्रोड्यूस', 'प्रोड्यूसर', 'प्रॉडक्शन', 'प्रॉडक्टिव्ह'. आकडा ऐकून मुलं खचतात. त्यांच्यासाठी दुसरा आकडा आहे. न्यूझीलंडच्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातून फक्त ५७० शब्दकुळं निवडली. वेस्टच्या दोन हजारांपलीकडची ही कुळं शैक्षणिक मजकुराचा जवळजवळ दहावा हिस्सा व्यापतात. परीक्षेचे वाचनाचे उतारे याच जातीचे असतात. दोन हजार पक्के असतील तर पुढचे ५७० हे एका वर्षाचं काम आहे, आणि या पुस्तकाचा कणाही तेच आहेत. आठ-नऊ हजारांची वाट नंतर वाचनातून आपोआप सापडते.

आता त्या रीतीकडे येतो, कारण खरं सांगायचं आहे ते तिथंच आहे.

पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री इथल्या घरांत आहिराणी बोलतात. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा बोली. सातपुड्याच्या पायथ्याला भिली आणि पावरी. ग्रिअर्सननं भारताच्या भाषांची पाहणी केली तेव्हा खानदेशी मराठीच्या खंडात न घालता १९०७ च्या खंडात भिली भाषांच्या सोबत ठेवली. त्या वर्गवारीवर वाद आहेत, असू देत. मुद्दा असा की आहिराणी घरातलं मूल शाळेत जातं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला बरीचशी नवीच असते. घरी "काय करी ऱ्हायना?" आणि वर्गात "काय करतोस?" हे दोन वेगळे दरवाजे आहेत. तरी चौथी-पाचवीपर्यंत ते मूल प्रमाण मराठी बोलू लागतं, लिहू लागतं. त्याच सुमारास टीव्हीवरून, बाजारातून हिंदीही येते. कुणी त्याच्या हातात आहिराणी-मराठी शब्दांची यादी दिलेली नसते. त्यानं ऐकलं, चुकत बोललं, कुणी हसलं, कुणी दुरुस्त केलं, तोच शब्द पुन्हा दुसऱ्या वाक्यात भेटला आणि अंगवळणी पडला. पावरा घरातल्या मुलीनं तर ही चढण आणखी एका पायरीनं जास्त चढलेली असते.

याच मुलांना आपण शहरी इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे 'भाषेत कच्ची' म्हणतो. मला हे मान्य नाही. तीन भाषांत वावरणारं मूल भाषेत कच्चं कसं असेल? शासनानं २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आणली. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. वर्षं वाढली, पण शिकवण्याची तऱ्हा बहुतेक ठिकाणी तीच राहिली : धडा वाचायचा, फळ्यावरचे शब्दार्थ उतरवायचे, पाठ करायचे. मराठी जशी कानातून, तोंडातून आणि गरजेतून आली, तशी इंग्रजी येऊ दिली गेली नाही.

गरज कुठून आणायची, असा प्रश्न शिक्षक विचारतात. ती आपल्या शिवारात आहे. रावेर-यावलच्या केळी बागाईतदाराच्या बोलण्यात एका दिवसात किती इंग्रजी शब्द येतात ते ऐका : ड्रिप, लॅटरल, व्हेंचुरी, टिश्यू कल्चर, व्हायरस, एक्स्पोर्ट, कंटेनर. शेजारी त्याचे स्वतःचे शब्द आहेत : मृगबाग, कांदेबाग, पिलबाग, घड, फणी, करपा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीचा लागवडीपासून कंटेनरपर्यंतचा प्रवास ज्या मुलीनं घरात पाहिला आहे, तिला परीक्षेत एखाद्या प्रक्रियेचं चित्र देऊन वर्णन करायला सांगितलं तर तिनं अडखळायचं कारण नाही. आमच्या वर्गात हा पाठ असाच घेतला. प्रत्येकानं आधी घरी बोलतात तसं सांगायचं, मग मराठीत लिहायचं, मग इंग्रजीत. माल काढणीनंतर लवकर खराब होतो, म्हणून 'हायली पेरिशेबल'. तो टिकण्याचा काळ म्हणजे 'शेल्फ लाइफ', आणि तो 'एक्स्टेंड' करतात, 'इन्क्रीज'पेक्षा 'एक्स्टेंड' जास्त जुळतो. भाव खाली-वर होतात : 'प्राइसेस फ्लक्चुएट'. अचानक कोसळतात : 'प्राइसेस प्लमेट'. उत्पन्न 'यील्ड', ते 'हाय' असतं, 'पुअर' असतं, आणि पीक ते देतं म्हणून हाच शब्द क्रियापदही होतो. त्या दिवशीच्या शब्दांपैकी एकही कुणी पाठ केला नव्हता. पुढच्या महिन्यात कापसावर लिहिताना ते आपोआप आले. परीक्षेत आलेखावर लिहिताना तर 'फ्लक्चुएट' आणि 'प्लमेट'वाचून चालतच नाही.

पाण्याचंही तसंच. तापीकाठच्या केळीपट्ट्यात बेसुमार उपशानं भूजल खोल गेलं. उपसा म्हणजे 'एक्स्ट्रॅक्शन', आणि बेसुमार उपसा 'ओव्हरएक्स्ट्रॅक्शन'. या शब्दाच्या पोटात 'ट्रॅक्ट' आहे, लॅटिनमधल्या ओढणे या धातूचा. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. 'अट्रॅक्ट' म्हणजे स्वतःकडे ओढणं, आणि आपलं 'आकर्षण'ही हुबेहूब तसंच बनलं आहे : आ अधिक कृष्, आणि कृष् म्हणजे ओढणे, नांगरणे. कृषी त्याच धातूची. उपसर्ग आणि धातू शाळेच्या व्याकरणात शिकलेल्या मुलाला लॅटिनचे उपसर्ग परके वाटायचं कारण नाही. 'एक्स', 'सब', 'इंटर' ही आपल्या उत्, उप, अंतर् यांच्या वळणाचीच मंडळी आहेत. सगळीकडे ती तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून अंदाज बांधावा आणि कोशात खात्री करावी. पण कॉक्सहेडच्या ५७० पैकी बरीचशी कुळं लॅटिन-ग्रीक घडणीची आहेत, त्यामुळे या वाटेनं पुष्कळ हाती लागतं.

परीक्षेतल्या मोठ्या निबंधात स्वतःच्या माहितीतलं उदाहरण मागितलेलं असतं. मुलं तिथं ॲमेझॉनचं जंगल किंवा दिल्लीचं प्रदूषण आणतात, कारण मार्गदर्शिकेत तेच छापलेलं असतं. आपल्या धुळे जिल्ह्यात काय आहे? साक्री तालुक्यातलं बारीपाडा. गावानं एकत्र येऊन जंगल राखलं, पाणी अडवलं, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या आखणीनं नाले खोल आणि रुंद केले, ओळीनं सिमेंटचे बंधारे बांधले, आणि 'शिरपूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झालं. हे इंग्रजीत लिहून पाहा : 'द स्ट्रीम्स वेअर डीपन्ड अँड वायडन्ड, अँड अ सीरिज ऑफ चेक डॅम्स वॉज बिल्ट टु रिचार्ज द ॲक्विफर.' परीक्षकाला हे उदाहरण नवं असतं, आणि लिहिणाऱ्याला त्याविषयी खरंच काही म्हणायचं असतं. शब्द मग त्या म्हणण्याच्या मागे येतात.

खानदेशाला या बाबतीत परंपराही आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय' हे दैनिक काढत. रोज ताजं वाचायला मिळालं पाहिजे, ही त्यांची ओढ. आज फोनवर तेवढंच ताजं इंग्रजी रोज फुकट मिळतं. ते मुलांपुढे ठेवणारा माणूस हवा. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेले भालचंद्र नेमाडे यांनी कित्येक वर्षं इंग्रजी शिकवली आणि कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. ज्ञानपीठ मिळालं ते त्या मराठी लेखनाला. परकी भाषा नीट यायला आपली टाकावी लागते, ही भीती ज्यांच्या मनात आहे त्या पालकांना मी हे उदाहरण देतो. मुलं बाहेर गेली की परत येत नाहीत, मग आपण त्यांना जायलाच शिकवतोय का, असंही मला विचारलं जातं. काही येत नाहीत, हे खरं. पण शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या धुळ्याच्या, शिकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या मुलीला अर्ध्या बँडसाठी दारातच अडवलं जावं, हे मला त्याहून जास्त सलतं.

एक सावधगिरी. मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द हा आपला मोठा ठेवा आहे, आणि तिथंच पाय घसरतो. आपलं 'हॉटेल' चहा-भजी मिळण्याचं ठिकाण. इंग्रजीत ते मुक्कामाचं. आपल्याला 'डाउट' आला म्हणजे शंका विचारायची असते. इंग्रजीत तो अविश्वास वाटतो, तिथं 'क्वेश्चन' हवा. 'मी २०२२ ला पासआउट झालो' हे ब्रिटिश माणसाला बेशुद्ध पडल्याची बातमी वाटू शकते, 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं. 'टेन्शन', 'मॅटर', 'फंक्शन', 'एक्स्पायर' या शब्दांनीही आपल्याकडे वेगळा संसार थाटला आहे. अशा शब्दांचं एक पूर्ण प्रकरण पुस्तकात घातलं आहे. ते आधी वाचावं असं मी सुचवीन, कारण तिथल्या चुका सवयीच्या आहेत आणि सवयीची चूक लिहिणाऱ्याला दिसत नाही.

पुस्तक वापरायचं कसं, ते थोडक्यात. प्रत्येक पाठ एका विषयाचा : पाणी, पीक, बाजार, आजार, स्थलांतर, शाळा, यंत्र. पाठात पंधरा-वीस शब्द, पण एकही सुटा नाही. प्रत्येकाबरोबर त्याचे दोन-तीन सोबती. वहीत उतरवताना 'शॉर्टेज' एवढंच लिहू नका. 'अक्यूट शॉर्टेज', 'फेस अ शॉर्टेज', 'शॉर्टेज ऑफ' असं लिहा आणि खाली आपल्या गावाचं एक खरं वाक्य लिहा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसांत फार झपाट्यानं विसरलं जातं, आणि मधे खंड ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. म्हणून पाठ झाल्यावर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं वही उघडायची. उघडण्याआधी मात्र पान झाकून आठवायचं. आठवायचा प्रयत्न हीच उजळणी. नुसतं वाचून गेल्यानं ओळख पटते, शब्द हाताशी येत नाही. बोलण्याच्या परीक्षेत एका मिनिटाच्या तयारीवर एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं, तिथं ओळखीचे शब्द उपयोगी पडत नाहीत, हाताशी असलेलेच पडतात.

कोश वापराल तो इंग्रजी-इंग्रजी, विद्यार्थ्यांसाठी केलेला असावा. ए. एस. हॉर्नबी यांचा कोश जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना तयार झाला, त्यामुळे परक्या माणसाला नेमकं कुठं अडतं याची त्यात जाण आहे. शब्दाच्या सोबत्यांसाठी तो पाहावा. अर्थ पटकन समजायला मराठी कोश जवळ असायला हरकत नाही. मराठीला वर्गाबाहेर ठेवण्याच्या आग्रहानं आपलं काही भलं झालेलं नाही.

शेवटचं, उच्चारांविषयी. या पुस्तकात इंग्रजी शब्दांवर आघाताची खूण केली आहे, ती दुर्लक्षू नये. मराठीत आपण शब्दाची सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजीत एक अक्षर उचललेलं असतं आणि बाकीची गिळली जातात. 'व्हेजिटेबल'चं 'व्हेज्टबल' होतं, 'कम्फर्टेबल'चं 'कम्फ्टबल'. 'फोटोग्राफ'मधला जोर पहिल्या अक्षरावर, तर 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. वाचताना हे शब्द मुलांना सहज कळतात आणि ऐकण्याच्या परीक्षेत तेच सुटतात, कारण ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. ऐकून लिहिलेल्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. तेव्हा प्रत्येक पाठातले शब्द आधी ऐकावेत, मग मोठ्यानं म्हणावेत, मग न पाहता लिहावेत आणि शेवटी पुस्तकाशी ताडून पाहावेत. दोघं-तिघं मिळून बसलात तर एकानं म्हणावं आणि बाकीच्यांनी लिहावं.